म्हाडाचा फॉर्म भरायचाय? दत्तवाडीतले झेरॉक्सवाले दादा

घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना खोल्या हव्यात. अकरा महिन्यांचा करार दिवाळीनंतर संपतो, पुढे वाढवणार नाहीत. काकूंनी घरी बोलावून, चहा पाजून सांगितलं, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही. आमच्या बजेटात जवळपास काही मिळेना, तेव्हा म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरांच्या सोडतीचा फॉर्म भरायला या दुकानात गेले.

दादा बोलायला तुसडे आहेत, हे आधीच सांगते. पण कागद नीट बघतात. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून त्यांनी नावावर पेन आपटलं, "आधी हे एक करून आणा." कॉलेजच्या वेळचं डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) हातातही घेतलं नाही, त्यावर नव्या दाखल्यांसारखा बारकोड नव्हता ना! २०२३पासून कागदपत्रं सोडतीच्या आधीच तपासतात, त्यामुळे ही तपासणी आत्ताच झालेली बरी. आमचे हे रिक्षा चालवतात, रिटर्न भरत नाहीत. त्यांच्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायला लावला. नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरतात. पुण्यात वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प. आम्ही पहिल्यात बसलो.

चौकातल्या एका एजंटाने "सेटिंग आहे, फक्त आगाऊ काहीतरी द्या" म्हणून सांगितलं होतं. दादा हसलेच. "सोडत कॉम्प्युटर काढतो, त्याला कोण पैसे चारणार?" बिल्डरांना मोठ्या प्रकल्पांत २० टक्के घरं अशा सोडतीसाठी राखावी लागतात, ती त्यांनी स्क्रीनवर दाखवली. वाकड, ताथवडे. मुलीची शाळा इथे, पण तो विचार नंबर लागल्यावर.

मला पटलं ते वेगळंच. पैसे घेण्याआधी म्हणाले, "ताई, याच्या भरवशावर खोली शोधायची थांबवू नका. लागलं तरी घर विकतच घ्यायचंय, कर्ज काढावं लागेल, ताबा कधी मिळेल सांगता येत नाही." भाडेकरारांची नोंदणीही तेच करतात, म्हणून पुढचंही सांगितलं: करार संपून तसंच राहिलं तर मालक कायद्याने दुप्पट भाडं मागू शकतो. फॉर्म भरणारा माणूस एवढं कशाला सांगेल?

शेवटच्या आठवड्यात रांग बाहेर फुटपाथवर येते, आधीच जा. रेशनकार्डाचं लॅमिनेशन चमकतं, तर स्कॅनसाठी झेरॉक्स सोबत ठेवा. फी आधी सांगतात; पावती मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत.