उपवासाच्या वेफर्सला चिकटलेला ओवा (ग्रुपवरून ऑर्डर देणार असाल तर वाचा)

आषाढी जवळ आली की "घरगुती उपवास वेफर्स, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, सैंधव मीठ, ऑर्डर घेणे सुरू" असले मेसेज फिरायला लागतात, त्यातलाच एक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि आम्ही पाच-सहा घरांनी मिळून दहा किलो मागवले. पैसे गेले ते गेले, पण ज्यांच्या घरी उपवास कडक असतो त्यांच्यासाठी तरी हे लिहिणं भाग आहे.

यांची पद्धत अशी की आधी सॅम्पल देतात. छोटी पुडी, फुकट, घरपोच. आणि खोटं कशाला बोलू, ते वेफर्स अप्रतिम होते! फिकट पिवळे, कडेला जरासे सोनेरी, एकासारखा दुसरा नाही, कुठे कुठे सालाची बारीक तपकिरी रेघ राहिलेली, अंगावर बारके बारके फोड आणि मध्येच एखादा मोठा फोड इतका पातळ की उजेडाला धरला तर आरपार दिसावं. दोन बोटांत दाबला की कटकन मोडायचा, वाकायचा नाही. जिभेवर आधी मीठ, मग बटाट्याची गोडसर चव, आणि गिळल्यावर मागे राहणारा भाजक्या दाण्याचा वास, तो घाण्याच्या तेलाशिवाय येतच नाही. बोटांना तेल लागलं पण चिकट नाही. आमच्या सासूबाई बाहेरचं उपवासाचं काही तोंडात घालत नाहीत, त्यासुद्धा "हे चालेल गं" म्हणाल्या.

भाव ४८० रुपये किलो, सगळे पैसे आधी. महाग वाटतं, पण हिशोब पटण्यासारखा होता. किलोभर वेफर्सला चारेक किलो बटाटा लागतो कारण पाणी सगळं कढईतच उडून जातं, आणि तयार वेफर्सच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा तेलच असतं, त्यामुळे तेल कुठलं यावरच सगळा नफा ठरतो, आणि घाण्याचं शेंगदाणा तेल पामतेलाच्या दुपटीहून महाग पडतं. म्हणजे भाव घाण्याच्या तेलाचा घ्यायचा आणि तळायचं पामतेलात, यात किती सुटत असतील ते तुम्हीच बघा.

माल आला एकादशीच्या आदल्या संध्याकाळी, मुद्दामच असणार, कारण तेव्हा परत कोण करणार. साध्या पारदर्शक पिशव्या, तोंडं मेणबत्तीवर चिकटवलेली, लेबल नाही, तारीख नाही, आणि ज्या खोक्यातून आल्या ते खोकं रिफाइंड पामोलिनच्या पाऊचांचं! (खोकं किराणावाल्याकडून आणलं, असं उत्तर मिळालं. असेलही.) पिशवी फोडल्या फोडल्या वास आला तो दाण्याचा नव्हताच, जुन्या तळणाचा होता, खवट. सगळे वेफर्स एका मापाचे गोल, मशीनने कापलेले, सालाचा मागमूस नाही. निम्म्यांना मध्यभागी तपकिरी डाग, खाली बोटभर चुरा. तोंडात टाकला तर आवाजच नाही, सादळलेला, आधी मीठ टोचायचं, मग कडवट, आणि नंतर टाळूवर तेलकट थर बसायचा तो गरम चहा प्यायल्याशिवाय जाईना.

मी फोन केला तर पलीकडचे दादा एकदम गोड. "ताई, तेल तेच आहे, बटाटा कोल्ड स्टोरेजचा आला म्हणून लाल पडले." आता यात तथ्य आहे, म्हणूनच माणूस गप्प बसतो. बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो काळपट पडतो. म्हणून तर वेफर्सवाल्या कंपन्या बटाटा १०-१२ अंशांवर ठेवतात आणि जातही वेगळी घेतात, शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली काढलेली कुफरी चिप्सोना त्यासाठीच आहे. तेव्हा नुसत्या लाल रंगावरून कुणाला चोर म्हणू नका. मीही म्हटलं नसतं.

पण सासूबाईंनी ताटलीतला एक वेफर उचलून चष्म्याजवळ नेला आणि माझ्यापुढे धरला. त्याच्या फोडात ओवा अडकलेला. अख्खा दाणा. मग आम्ही पिशवी परातीत ओतली तर बेसनाचे पिवळे-काळे कण जागोजागी. बटाटा कुठल्याही गोदामातला असो, त्यातून ओवा येत नाही! गाठ्या-पापडीच्या कढईत तळलेले वेफर्स उपवासाचे म्हणून विकले होते. ओव्याचा फोटो पाठवल्यावर दादांची भाषा बदलली, "ऑर्डरी खूप झाल्या म्हणून थोडे फरसाणवाल्याकडून तळून घेतले", आणि थोडे म्हणजे किती विचारलं तर मेसेज वाचला जातो पण उत्तर येत नाही. सासूबाईंनी एकादशीला नुसती रताळी खाल्ली.

आता ऑर्डर द्यायचीच असेल तर सॅम्पल चाखून भाळू नका, सॅम्पल कुणीही चांगलंच देणार. सीलबंद पाकीट मागा, त्यावर तेलाचं नाव स्पष्ट पाहिजे, नुसतं 'खाद्य तेल' नको. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर पाहिजे, घरगुती धंद्यालासुद्धा नोंदणी लागते, आणि "आम्ही छोटे आहोत ताई" हे काही उत्तर नाही. तळणीच्या तेलातले पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे, पण ज्याचा पत्ताच माहीत नाही त्याच्या कढईत मोजणार कोण? अर्धे पैसे माल बघून देईन म्हणा, खरं काम करणारा तयार होतो, आमच्याकडे कुरडया देणाऱ्या मावशी वर्षानुवर्षं तसंच करतात.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे, सोबत त्यांचा मूळ मेसेज, यूपीआयची पावती आणि ओव्याचा फोटो. बाकी सगळ्यांनी पिशव्या फोडून अर्ध्याअधिक कचऱ्यात टाकल्या होत्या. एकट्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी वासाचं ऐकूनच पिशवीला हात लावला नव्हता, ती तशीच बंद ठेवलीय, कुणी तपासायला मागितली तर देण्यासारखी तेवढी एकच आहे.