डीबीटू १३ आणि सीआयसीएस ६.१: दहा महिन्यांनंतर

मेनफ्रेमवरचा डेटाबेस डीबीटू आणि ऑनलाइन व्यवहार चालवणारं सीआयसीएस, या दोघांच्या नव्या आवृत्त्यांवर जाताना काय शिकलो ते लिहितोय. सेटअप आधी सांगतो, म्हणजे तुमच्याशी कितपत जुळतो ते कळेल. झेडओएस २.५ (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम), दोन मेंबरचं डेटा शेअरिंग (एकच डेटा वापरणाऱ्या दोन डीबीटू सिस्टिम), दोन टीओआर (टर्मिनलकडून काम घेणारे सीआयसीएसचे रीजन, म्हणजे त्याच्या चालू प्रती), सहा एओआर (प्रोग्राम चालवणारे रीजन), बहुतेक सगळे प्रोग्राम कोबॉलचे, रात्री भरगच्च बॅच. माणसं हिंजवडीत, मशीन अमेरिकेत. डीबीटू १२ वरून १३ वर येऊन दहा महिने झाले, सीआयसीएस टीएस ५.५ वरून ६.१ वर येऊन सात. दोन्ही ठणठणीत आहेत. जो काही ताप झाला तो वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या पॅकेजेसचा (प्रोग्राममधल्या एसक्यूएलचं डीबीटूने तयार केलेलं रूप), एक्झिट्सचा (सीआयसीएसला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम) आणि लिमिट्सचा.

डीबीटू १३ मे २०२२ च्या अखेरीस आलं, सीआयसीएस ६.१ लगेच जूनमध्ये. डीबीटू १२ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला, त्यामुळे करावं की नाही ही चर्चा आता कुणाकडे उरलेली नसावी. कसं करावं एवढंच उरतं.

"दोन्ही एकाच विकेंडला उरकून टाकू" असं कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतंच. मान्य करू नका. सीआयसीएसला डीबीटूशी जोडणारा अटॅचमेंट कोड सीआयसीएसच्या लायब्ररीतून येतो, डीबीटूच्या नाही. त्यामुळे एकाची आवृत्ती बदलली म्हणून दुसऱ्याची त्याच दिवशी बदलावी लागत नाही. मध्ये तीन महिन्यांचं अंतर ठेवलं की सोमवारी रिस्पॉन्स टाइम बिघडला तर संशयित एकच असतो.

प्लॅनच्या शीटमध्ये प्रत्येक पायरीपुढे एक रकाना हवाच: इथून मागे फिरता येतं का? बाकीचे रकाने मॅनेजरसाठी, हा आपल्यासाठी.

डीबीटूमध्ये याचं उत्तर अगदी रोखठोक आहे. १२ वर असतानाच कॅटलॉग (डीबीटू स्वतःची माहिती ठेवतं ती टेबलं) एम५०९ ला नेऊन एम५१० फंक्शन लेव्हल (आवृत्तीतल्या सोयी टप्प्याटप्प्याने चालू करण्याची पायरी) ॲक्टिव्हेट करायची. सगळ्या मेंबरवर फॉलबॅकचा, म्हणजे मागे परतण्यासाठी लागणारा, एपीएआर (आयबीएमची दुरुस्ती) पीएच३७१०८ चढवून मेंबर रीस्टार्ट करायचे. मग १३ च्या लायब्ररीवर सुरू करायचं, ते एम१०० वर उठतं. एम१०० वर आहात तोवर १२ वर परत जाता येतं. एम५०० ॲक्टिव्हेट केलं की ती वाट बंद. पुढे कधी एम५०० वरून खाली आलात तर डिस्प्ले ग्रुपच्या आउटपुटमध्ये लेव्हलच्या शेवटी एक बारीकसा तारा दिसतो, एम१००*. तो तारा दिसला की १२ विसरायचं. म्हणून एम१०० वर निदान एक महिनाअखेर आणि जमलं तर एक तिमाहीअखेर काढा. नवीन फीचर्स महिनाभर उशिरा मिळाली म्हणून कुणाचं काही अडत नाही.

खरं काम मात्र १३ च्या आधीचं, एम५१० ला. गेल्या १८ महिन्यांत वापरलेलं एखादं पॅकेज डीबीटू ११ च्या आधी बाइंड झालेलं (एसक्यूएलपासून बनवलेलं) असेल तर ॲक्टिव्हेशन नाकारलं जातं. ॲक्टिव्हेट कमांडला टेस्ट ऑप्शन आहे, तो आधी चालवा. यादी सिस्पॅकेज टेबलमधून निघते, रेलबाउंड (कोणत्या आवृत्तीवर बाइंड झालं) आणि लास्टयूज्ड (शेवटचं कधी वापरलं) हे दोन कॉलम पुरे. फक्त या चाळणीवर विसंबू नका. वर्षातून एकदा चालणारे प्रोग्राम तिच्यात सापडतात, पण तीन वर्षांनी एकदा लागणारा ऑडिट रिपोर्ट सापडत नाही. तो १३ वर पहिल्यांदा चालला की आपोआप रीबाइंड होतो, कुठल्या ॲक्सेस पाथवर (डेटापर्यंत पोचायच्या मार्गावर) ते नशीब. आणि एबाइंड=नो (आपोआप रीबाइंड बंद) असेल तर तेही होत नाही, सरळ -९०८ हा एरर येतो. तेव्हा लास्टयूज्डची अट काढून टाका आणि जुनं जे जे असेल ते १२ वरच रीबाइंड करा किंवा मालक शोधून, त्याला विचारून फ्री करा. या मालक-शोधालाच सर्वांत जास्त आठवडे लागतात.

रीबाइंड करताना एपीरीयूज(वॉर्न), एक्सप्लेन(येस), प्लॅनमॅनेजमेंट(एक्सटेंडेड): म्हणजे जमेल तिथे जुनाच ॲक्सेस पाथ, त्याची नोंद, आणि पॅकेजच्या प्रीव्हियस आणि ओरिजिनल अशा दोन जुन्या कॉप्या जपलेल्या. १२ च्या एम५०५ पासून फेज-इन मिळतं, म्हणजे पॅकेज वापरात असतानाही रीबाइंड होतं, पण त्यासाठीही एक्सटेंडेड लागतं. इथे हमखास होणारी चूक: पहिला रीबाइंड बिघडला, ॲक्सेस पाथ बदलला, म्हणून घाईत रनस्टॅट्स करून (टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा करून) दुसरा मारला. आता प्रीव्हियसमध्ये बसलाय पहिला, बिघडलेला. चांगला होता तो गेला, आणि ओरिजिनल कॉपी कदाचित दहा वर्षांपूर्वीची. पहिला बिघडला की आधी रीबाइंड स्विच(प्रीव्हियस), मगच विचार.

एम१०० वर असताना सगळ्या पॅकेजेसचा रीबाइंड काढू नका. १२ वर मागे जावं लागलं तर १३ वर बाइंड झालेली पॅकेजेस तिथे पुन्हा ऑटोबाइंड होतात, म्हणजे ज्या रात्री आधीच घाम फुटलेला असतो त्याच रात्री. एक मेंबर १२ वर आणि एक १३ वर असेल त्या दिवसांत एबाइंड=कोएक्झिस्ट ठेवा, नाहीतर तेच पॅकेज दोघांमध्ये चेंडूसारखं टोलवलं जातं.

झेडपार्मबद्दल, म्हणजे डीबीटूच्या सेटिंग्जबद्दल, दोन ओळी. १३ मध्ये काही डीफॉल्ट बदलले आहेत. न्यूमएलकेटीएस (एका टेबलस्पेसवरच्या लॉकची मर्यादा) २,००० चं ५,००० झालं, न्यूमएलकेयूएस (एका युजरच्या लॉकची मर्यादा) १०,००० चं २०,०००, पेजसेट_पेजनम (पानांना क्रमांक देण्याची पद्धत) ॲब्सोल्यूटचं रिलेटिव्ह. मायग्रेशनमध्ये क्लिस्टला (इन्स्टॉलेशनच्या स्क्रिप्टला) जुनी इनपुट फाइल दिली की जुनेच आकडे पुढे येतात, नवे डीफॉल्ट लागू होत नाहीत. डॉक्युमेंट वाचून "आता लॉक एस्कलेशन कमी होईल" असं टीमला सांगण्याआधी आपला डीएसएनटीआयजेयूझेड (झेडपार्म बनवणारा जॉब) उघडून बघा. तपासणीचा जॉब, डीएसएनटीआयजेपीएम, सहा महिने आधी पहिल्यांदा चालवा आणि दर महिन्याला परत. एसएमपीईमध्ये (सॉफ्टवेअर आणि दुरुस्त्या बसवण्याच्या साधनात) मिसिंगफिक्सचा रिपोर्ट मायग्रेट-फॉलबॅकच्या फिक्स कॅटेगरीवर काढा. अर्ली कोडसाठी (डीबीटूचा आधीच लोड होऊन बसणारा भाग) आयपीएल, म्हणजे सिस्टिम नव्याने सुरू करणं, मागायची गरज नाही. सबसिस्टिम खाली असताना रिफ्रेश डीबीटू,अर्ली ही कमांड चालते.

सीआयसीएसची गोष्ट वेगळी. इथे फंक्शन लेव्हल नाही, पण एक मोठा उंबरठा आहे: नव्या आवृत्तीवर पहिला स्टार्ट इनिशियलच, म्हणजे कोऱ्या पाटीचा, करावा लागतो. वर्षानुवर्षं वॉर्म आणि इमर्जन्सी रीस्टार्टवर (आधीची स्थिती उचलून सुरू होण्यावर) जगलेल्या रीजनला याची सवय नसते. दोन गोष्टी घडतात.

पहिली: इनिशियल स्टार्टमध्ये सीआयसीएस आपला सिस्टिम लॉग विसरतो. डीबीटूत एखादं युनिट ऑफ वर्क (एकत्रच पक्कं किंवा रद्द होणारं काम) इनडाउट, म्हणजे निकालाविना, अडकलेलं असेल, तर त्याचा निकाल सांगणारा कोऑर्डिनेटरच उरत नाही. मग रिकव्हर इनडाउट हाताने, अंदाजाने, आणि पैशाच्या टेबलांवर. म्हणून रीजन बंद करण्याआधी सीआयसीएसकडून सीईएमटी इन्क्वायर यूओडब्ल्यू आणि डीबीटूकडून डिस्प्ले थ्रेड टाइप(इनडाउट), दोन्ही रिकामे येईपर्यंत पुढे जायचं नाही. शंट झालेली (अडल्यामुळे बाजूला ठेवलेली) युनिट्सही यात आली. ही पायरी प्लॅनमध्ये नुसती लिहून चालत नाही. दोन्ही स्क्रीनची प्रिंट जोडल्याशिवाय पुढच्या पायरीला मंजुरी नाही, असा नियम हवा.

दुसरी: कधीतरी कुणीतरी सीईडीए इन्स्टॉल करून (चालू रीजनमध्ये कमांडने हाताने घालून) ठेवलेले आणि स्टार्टच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या ग्रुपलिस्टमध्ये कधीच न घातलेले रिसोर्सेस. वॉर्म स्टार्ट ते ग्लोबल कॅटलॉगमधून उचलत राहतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. इनिशियल स्टार्टनंतर ते गायब. आदल्या आठवड्यात चालू रीजनची इन्स्टॉल्ड ट्रान्झॅक्शन, प्रोग्राम, फाइल, डीबीटूएंट्री यांची यादी काढा, ग्रुपलिस्टशी लावून बघा. सहा एओआरच्या सहा वेगळ्या याद्या निघाल्या तर दचकू नका.

सीएसडीची (सीआयसीएसच्या रिसोर्सच्या व्याख्यांच्या फाइलची) कॉपी करून तिच्यावर डीएफएचसीएसडीयूपीचा अपग्रेड चालवा. तो फक्त आयबीएमचे ग्रुप बदलतो. आपल्याकडे कुणीतरी कधीकाळी आयबीएमचा ग्रुप कॉपी करून स्वतःच्या नावाने ठेवलेला असतो, त्याला अपग्रेड शिवत नाही. स्कॅन कमांड ते फरक दाखवते. जुनी आणि नवी आवृत्ती एकच सीएसडी वापरणार असतील तर जुन्या रीजनच्या लिस्टमध्ये योग्य ते डीएफएचकॉम्प (जुन्या आवृत्तीशी जुळवून घेणारे) ग्रुप घाला. डीएफएचआयआरपी (रीजन-रीजनमधला संवाद सांभाळणारा प्रोग्राम) आणि सीआयसीएसचा एसव्हीसी (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बसवलेला भाग) त्या एलपारवरच्या (मशीनच्या विभागावरच्या) सर्वांत नव्या आवृत्तीचे हवेत. ते जुन्या रीजनना चालतात, उलटं नाही. हे आयपीएलसोबत आधीच उरकून ठेवा. स्टेपलिबमध्ये (प्रोग्राम शोधायच्या लायब्ररींच्या यादीत) एसडीएसएनलोड ही डीबीटूची लायब्ररी सीआयसीएसच्या लायब्ररींच्या खाली. मेमलिमिट (मेमरीची मर्यादा) किमान १० जीबी.

एक्झिट्स सगळे नव्या मॅक्रो लायब्ररीवर पुन्हा असेंबल करायचे. सोर्स सापडत नाही असा एक तरी निघतो. एका मॉनिटरिंग टूलचा एक्झिट, नाव घेत नाही, नव्या आवृत्तीला सपोर्ट आहे म्हणून कागदावर लिहिलेला होता, आणि चाचणी रीजनमध्ये पहिल्याच एसक्यूएलवर प्रोग्राम चेक. पुरवठादाराकडून फक्त "सपोर्टेड" हा शब्द घेऊ नका. पीटीएफचा, म्हणजे नेमक्या दुरुस्तीचा, क्रमांक घ्या.

आता थ्रेड्स, म्हणजे सीआयसीएस, बॅच वगैरेंच्या डीबीटूशी असलेल्या जोडण्या. हे आवृत्तीमुळे होत नाही, पण अपग्रेडनंतरच उघडं पडतं. समजा सहा एओआर, प्रत्येकाच्या डीबीटूकनेक्शनवर टीसीबीलिमिट (त्या रीजनला एकावेळी किती जोडण्या) १२०. तीन-तीन एकेका मेंबरला लावले तर एका मेंबरकडे ३६०. सीथ्रेड (त्या मेंबरची स्वतःची थ्रेडची मर्यादा) ४०० असेल तर बॅच आणि टीएसओला (टर्मिनलवर थेट काम करणाऱ्यांना) ४० उरतात. एक मेंबर देखभालीसाठी खाली आणलात आणि सगळे एओआर ग्रुप अटॅचने (चालू असेल त्या मेंबरला जोडून घेण्याच्या सोयीने) दुसऱ्याकडे गेले की मागणी ७२०. रोलिंग अपग्रेडमध्ये नेमकं हेच करायचं असतं. सीईएमटी इन्क्वायर टास्क मारा: सस्पेंड झालेल्या टास्कपुढे सीडीबीटूसीओएनएन दिसलं तर टीसीबीलिमिट आड येतोय, सीडीबीटूआरडीवायक्यू दिसलं तर एंट्रीचे किंवा पूलचे थ्रेड संपलेत. दोन्हीपैकी काहीच नाही आणि तरी सगळं तुंबलंय, तर सीथ्रेडकडे बघा. टीसीबीलिमिट वाढवणं हा त्यावर उपाय नाही, त्याने रांग फक्त पलीकडे सरकते.

वेळापत्रक ही पुण्यातून काम करणाऱ्यांची खास डोकेदुखी. न्यूयॉर्कची शनिवार रात्री दहाची विंडो म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसात, आणि तिकडे हिवाळी वेळ लागली की साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे रात्री एकचा तास दोनदा येतो, त्या विकेंडला काहीही ठेवू नका; डीबीटूचा लॉग गोंधळत नाही, पण टाइमस्टॅम्पला युनिक की (key) समजणारे ॲप्लिकेशन प्रोग्राम गोंधळतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत क्लायंटचा फ्रीझ, म्हणजे बदलांना बंदी. तो प्रत्येक प्लॅनमध्ये असतो. आपलं पंचांग नसतं. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबरला होती. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणजे रविवारी सकाळी पेठेतला माणूस हिंजवडीला पोचणं सोडा, लक्ष्मी रोड ओलांडणंही अवघड. आपल्या सुट्ट्या चेंज रिक्वेस्टमध्ये पहिल्या दिवशी लिहा. रविवारी कॅन्टीन बंद असतं, हेही कुणीतरी लक्षात ठेवा.

दहा महिन्यांत काय आवडलं? सर्वांत जास्त, १३ च्या एम५०१ नंतर मिळणारं सिसयुटिलिटीज टेबल. काल रात्री कोणता रीऑर्ग (टेबलांची पुनर्मांडणी) किती वेळ चालला, हे जॉब लॉग न चाळता एका क्वेरीत कळतं. करंट लॉक टाइमआउटमुळे ऑनलाइनला कमी आणि बॅचला जास्त थांबण्याची मुभा देता आली. त्यासाठी पॅकेजचं ॲप्लकॉम्पॅट (त्याला कोणत्या लेव्हलचं एसक्यूएल वापरता येईल ते) वर न्यावं लागतं, जुन्या प्रोग्रामना धक्का लागत नाही. पीबीजी टेबलस्पेस (डेटा वाढेल तसे विभाग वाढणारी) ऑल्टर करून पुढच्या ऑनलाइन रीऑर्गमध्ये पीबीआर (ठरलेल्या मूल्यांनुसार विभागलेली) करता येते. पूर्वी हे अनलोड-ड्रॉप-लोडचं काम होतं. सीआयसीएस ६.१ मधले रिसोर्स ओव्हरराइड उपयोगी आहेत: टेस्ट आणि प्रॉडक्शनमधला फरक एका वायएमएल फाइलमध्ये, सीएसडीच्या दोन कॉप्या नकोत. एसक्यूएल डेटा इनसाइट्स (क्वेरीत एआय वापरण्याची सोय) चालू केलेलं नाही. प्रेझेंटेशनमध्ये ते सगळ्यांना आवडलं, पण कोणत्या कामासाठी हवंय ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

काय खटकलं? एसएमएफचे (सिस्टिमच्या वापराच्या नोंदींचे) रिपोर्ट. डीएफएचएसटीयूपी (सीआयसीएसची आकडेवारी छापणारा प्रोग्राम) आणि मॉनिटरिंगचे नमुना प्रोग्राम त्याच आवृत्तीचे वापरावे लागतात. बिलिंगच्या जॉबमध्ये जुनी लायब्ररी राहून गेली की प्रकार ११० च्या रेकॉर्डचं वाचन बिघडतं, आणि हे महिनाअखेरीला कळतं. आणि "सीपीयू किती वाचला" या प्रश्नाचं उत्तर द्यायला अपग्रेडआधीचे दोन महिन्यांचे, महिनाअखेरीसकटचे, एसएमएफ १०१ (डीबीटूचे) आणि ११० (सीआयसीएसचे) रेकॉर्ड जपून ठेवलेले लागतात. ते आधीच जीडीजीतून (ठरावीकच जुन्या फाइली ठेवणाऱ्या संचातून) गळून गेले असतील तर गप्प बसावं.

सध्या राहिलेलं काम एकच. पॅकेजेसच्या ओरिजिनल कॉप्या अजून फ्री केलेल्या नाहीत. डिरेक्टरीत जागा खातात, पण वार्षिक बॅचची एक फेरी १३ वर पूर्ण झाल्याशिवाय त्यांना हात लावणार नाही.