प्लेटच्या पाठीवरचा स्टिकर: थ्रिफ्ट स्टोअर, वर्षभरानंतर

थ्रिफ्ट स्टोअर म्हणजे लोकांनी दान केलेला जुना माल विकणारं दुकान, एवढं सांगून पुढे जाते. न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी घराला पहिल्याच महिन्यात कोणी ना कोणी सल्ला देतंच, की गादी नवी घ्या, पण ताटल्या, टेबललॅम्प आणि पोरांचे स्नो बूट थ्रिफ्टमधून आणा. आम्हीही आणले. एडिसनपासून फार लांब नसलेल्या एका मोठ्या दुकानात वर्षभर नेमाने जातेय. नाव लिहीत नाही. गुडविल किंवा सॅल्व्हेशन आर्मी या नावाजलेल्या संस्थांचं दुकान समजू नका, ती दोन्ही नव्हेत. लिहायला बसले ते किमतीच्या स्टिकरमुळे. हसू नका, पुढे वाचा.

कोरेल या कंपनीच्या काचेच्या प्लेट्स इथल्या निम्म्या देशी घरांत असतात. हलक्या, फोडणीच्या तेलाने डाग न पडणाऱ्या, आणि मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करायला उत्तम. १९७० पासून बाजारात आहेत, त्यामुळे थ्रिफ्टच्या फळीवर तीन पिढ्यांचा माल एकत्र येऊन पडतो. पण २००५ च्या आधीच्या प्लेट्स जेवायला न वापरता शोभेला ठेवा, असं कंपनीनेच सांगितलं होतं, कारण जुन्या नक्षीच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणजे प्लेट उलटी करून पाठीवरचा छाप वाचल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही. आणि आमच्या दुकानातला स्टिकर नेमका त्या छापावर असतो. पाठीला एवढी मोकळी जागा आहे, कडेला लावा ना! नाही. बरोब्बर मधोमध. वर त्या स्टिकरला बारीक चिरा दिलेल्या असतात, सोलायला गेलं की चार तुकडे होतात. लोक स्वस्त वस्तूचा स्टिकर महाग वस्तूवर चिकटवतात म्हणून ही व्यवस्था. समजतं. पण मग वाचायचं कसं?

मी नखाने एक कोपरा उचलला. उचलणारच. तेवढ्यात मागून दुकानातल्या एका बाईचा आवाज, "मॅम, आम्ही टॅग काढू देत नाही." मी शांतपणे सांगितलं की खालचं वाचायचंय. तिने प्लेट माझ्या हातातून घेतली, घेतली म्हणजे ओढलीच, आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर माझ्याशी बोललाच नाही, तिच्याशी बोलला. "टॅग फाटलाय, विकता येणार नाही, मागे पाठव." मी म्हटलं, अहो, किंमत अजून दिसतेय, दोन डॉलर नव्व्याण्णव, तेवढेच घ्या. तर म्हणे पॉलिसी. आजूबाजूचे लोक गाड्या ढकलायचे थांबून बघायला लागले. चोरी न करता चोर ठरणं म्हणजे काय ते मला तीन डॉलरच्या बशीने शिकवलं. पुढच्या आठवड्यात तसलीच हिरव्या फुलांची प्लेट फळीवर होती, किंमत तीन नव्व्याण्णव. तीच होती असं शपथेवर नाही सांगणार. पण स्टिकर परत छापावरच होता.

आमच्या लहानपणी बोहारीण दारात यायची. ती पातेलं पुढे करायची, आई जुनी साडी उलगडायची, मग अर्धा तास घासाघीस. ती जरीला नाक मुरडायची, आई पातेल्याच्या बुडाला. दोघींनाही माल हातात घेऊन उलटसुलट करायचा हक्क होता. इथे बोलायचं कोणाशी? कानाला टवका गेलेला कप दाखवला तर कॅशियर म्हणते, मला किंमत बदलता येत नाही. मग कोणाला येते? मॅनेजरला. मॅनेजर कुठाय? जेवायला.

किमतींबद्दल तर विचारूच नका. सव्वा डॉलरच्या दुकानातली काचेची बरणी, तिच्यावर त्या दुकानाचा छापील स्टिकर तसाच, आणि बाजूला यांचा, दोन नव्व्याण्णव. वापरून गोळे आलेला टी-शर्ट सहा नव्व्याण्णवला, जो नवा असताना सेलमध्ये तेवढ्यालाच मिळतो. भांड्यांवर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स वेगळा. (कपड्यांवर न्यू जर्सीत टॅक्स नाही, जुन्या कपड्यांवरही नाही. पावती बघत जा.) एकदा स्टीलचा मिसळणाचा डबा दिसला, आतल्या वाट्यांपैकी दोन गायब, चमचा नाही, आणि किंमत चौदा नव्व्याण्णव, का तर 'व्हिंटेज'. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत नवा, सगळ्या वाट्यांसकट, याहून फार महाग नसतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मत ठाम होतं. मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंची मुलगी सुट्टीत अशाच एका दुकानात लागली, मागच्या खोलीत, माल निवडायला. ती म्हणाली, "काकू, तुम्ही ज्यांच्याशी भांडता ना, त्यांच्या हातात काहीच नसतं." तासाला अमुक इतक्या वस्तूंवर स्टिकर लागलेच पाहिजेत असा आकडा असतो. प्लेट उचलायची, ठाप करून चिकटवायचा, पुढची. छाप बघायला वेळ कोणाकडे आहे? स्टिकरचा रंग आठवड्यागणिक बदलतो. काही आठवड्यांनी त्या रंगाचा माल निम्म्या किमतीला जातो, तरी उरला तर वजनावर, आणि कपडे असतील तर गाठी बांधून परदेशी. त्यातले काही कांडला-पानिपतलाही पोचतात म्हणे, म्हणजे आपल्याच देशात. महाग वस्तूची किंमत ठरवताना फोनवर बघतात, पण बघतात ती कोणीतरी मागितलेली किंमत. विकली गेलेली नाही. माझ्या चौदा नव्व्याण्णवच्या डब्याचं कोडं तिथे सुटलं. आणि खरोखर चांगला माल तर दुकानात येतच नाही, परस्पर ऑनलाइन लिलावाला जातो.

तेव्हापासून कॅशियरवर आवाज चढवत नाही. राग उतरला असं नाही, पत्ता बदलला.

"फुकट मिळालेला माल महाग का" हा आपल्या लोकांचा आवडता सवाल. त्याचं उत्तर आहे, थोडंफार. जागेचं भाडं आहे, किमान वेतन तासाला १५ डॉलरच्या वर आहे, आणि लोक दान म्हणून जो मोडका कचरा टाकून जातात तो उचलायचे पैसे दुकानालाच भरावे लागतात. पण मूळ कल्पना काय होती? १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने गुडविलचं काम सुरू केलं ते सुखवस्तू घरांतून जुनं सामान गोळा करून. गरजूंना पगार देऊन ते दुरुस्त करून घ्यायचं आणि विकायचं. दुरुस्त करून! आमच्या दुकानात वायर तुटलेला दिवा तुटलेल्याच वायरसकट आठ डॉलरला असतो. आणि प्रत्येक थ्रिफ्ट स्टोअर धर्मादाय असतं असंही नाही. सेव्हर्स ही उघड नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे, २०२३ पासून तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त गल्ल्यावर कोणी "वरचे सेंट दान करता का" म्हणून विचारलं, की कोणाला, हे विचारून घ्या. मी विचारते. आवडत नाही त्यांना.

पिशवीचं राहिलंच. मे २०२२ पासून न्यू जर्सीत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी, म्हणजे कापडी पिशवी घरून न्यायची. दुकानात शिरताना गार्ड म्हणतो, पिशवी काउंटरवर ठेवा. ठेवली असती. पण माझ्या मागून सुटकेसएवढी पर्स घेऊन एक बाई आत गेल्या आणि त्यांना कोणी हटकलं नाही. मी विचारलं, त्यांची का नाही? गार्ड खांदे उडवून दुसरीकडे बघायला लागला. हे मात्र तासाच्या आकड्याच्या नावावर खपवू देणार नाही. हा स्वभाव झाला.

हल्ली शनिवारी चर्चच्या तळघरातल्या छोट्या दुकानात जाते. सत्तरीच्या आज्या बसतात. मास्किंग टेपवर पेन्सिलने किंमत, तीही कडेला. प्लेट उलटी करून वाचा, वाजवून बघा, कोणी काही म्हणत नाही. माल कमी, वेळ सकाळी दोन तास, कार्ड चालत नाही. तिथून कोरेलच्या सहा प्लेट्स घेतल्या, सगळ्या पाठ वाचून. सुट्टे नव्हते तर आजी म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वेळी दे.

मोठ्या दुकानाला पाचपैकी दोन तारे. पोरांचे स्नो बूट आणि हिवाळी जॅकेटं अजून तिथूनच घेणार, दरवर्षी मापं बदलतात आणि नवी घेणं परवडत नाही. निम्म्या किमतीचा रंग कोणता ते दारातच लिहिलेलं असतं, ते बघून मगच सामानाची ढकलगाडी घ्या. विजेच्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नका, तपासायला प्लगपॉइंट आहे पण त्यावर चिकटपट्टी मारलीय. आणि स्टिकर घरी आणल्यावर काढायचा असेल तर खोबरेल आणि खायचा सोडा कालवून लावा, अर्ध्या तासाने कापडाने पुसा. नखाने खरवडू नका, गोंद पसरतो.