शंभर एएचच्या डब्यात शहाबादी फरशी

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझी कीव करायची की मला हसायचं ते तुम्हाला ठरवता येईल. 74,000 रुपये. बॅटरी 34,000, चार्जर 22,000, वायरिंगचं सामान 9,000 आणि मजुरी 9,000. एवढ्या पैशांत मी माझ्या 2016 च्या थारमध्ये दुसरी बॅटरी बसवून घेतली. ती बॅटरी अर्ध्याहून कमी निघाली, चार्जर चार्जर नव्हताच आणि वायरिंगमुळे गाडी पेटली नाही हे नशीब.

दुसरी बॅटरी लागते कशाला, असं घरचेही विचारत होते. मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री तोंडावर मास्क लावून मशीनवर झोपावं लागतं. बायको त्याला ‘घोरण्याचं यंत्र’ म्हणते, खरं तर ते घोरणं थांबवण्याचं यंत्र आहे. त्यात भर म्हणून चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज घेतला. हे दोन्ही एकदा गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर चालवले आणि सकाळी स्टार्टर नुसता टकटक करून गप्प बसला. गावातल्या चार पोरांनी धक्का मारला. गाडी जवळपास पावणेदोन टनांची आहे, त्यामुळे पोरांनी नंतर चहाबरोबर वडापावही मागितला तो योग्यच होता.

हिशेब मी स्वतः केला होता आणि तो चुकला नव्हता. फ्रीज उन्हाळ्यात सरासरी पावणेदोन अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला चाळीस-पंचेचाळीस एएच (अँपिअर-तास, म्हणजे अँपिअर गुणिले तास). मशीन आठ तासांचं सोळा. किरकोळ दिवे, मोबाइल धरून साठ-पासष्ट. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं, त्यामुळे शिशाची घ्यायची तर दीडशेची लागली असती आणि तिचं वजन चाळीस किलोच्या वर गेलं असतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर एएच पुरते आणि वजन अकरा-बारा किलो. म्हणून लिथियम. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

दुकान शहराबाहेर, गाड्या ‘मॉडिफाय’ करणारं. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बाहेर विंच लावलेल्या दोन गाड्या, आत भिंतीवर स्पितीचे फोटो. मालक पस्तिशीचा, गोड बोलणारा. मला पहिल्या मिनिटापासून ‘काका’. “काका, तुम्ही घरचे, तुम्हाला चुकीचं नाही सांगणार.” माझा कागदावरचा हिशेब पाहून तो म्हणाला, “असं गिऱ्हाईक हवं, काका. लोक नुसतं शंभर एएच शंभर एएच करतात, तुम्ही लोड काढून आणलाय.” मला वाटलं, माणसाला कळतंय. आता वाटतं, त्याला कळलं ते एवढंच की हा गृहस्थ कागदावर तपासणारा आहे, बल्ब लावून तपासणारा नाही.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, पक्कं बिल हवं तर 18 टक्के जीएसटी वर लागेल. मी कच्चं घेतलं. म्हणजे 13,320 रुपये वाचवले. पैसे युपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे तर त्याच्या स्वतःच्या नंबरवर. हे लिहिताना लाज वाटते, कारण नोकरीत मी आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासली.

बॅटरी बसवण्याआधी मी एक तपासणी केली आणि तिच्यामुळेच जास्त फसलो. इंटरनेटवर वाचलं होतं की नकली लिथियम बॅटरी वजनाला हलकी भरते. मी बॅटरी आदल्या दिवशी घरी आणली. आधी काट्यावर मी एकटा उभा राहिलो, मग बॅटरी कवटाळून. फरक अकरा किलो. माहितीपत्रकावर 11.2. मी निर्धास्त झालो. मोबाइलवर त्या बॅटरीचं अ‍ॅपही होतं, ब्लूटूथने जोडलं की ‘क्षमता 100 एएच, चार्ज 100 टक्के’ असं हिरव्या अक्षरांत दिसायचं.

मेअखेरीस साम्रदला गेलो, काजव्यांसाठी. भंडारदरा, घाटघर, साम्रद या पट्ट्यात पावसाच्या तोंडावर हिरडा-सादड्याची झाडं लुकलुकायला लागतात. काजव्यांच्या दिवसांत शहाणी माणसं तळावर दिवे लावत नाहीत, त्यामुळे आमचा लाइटचा खर्चही नव्हता. संध्याकाळी पाचला इंजिन बंद केलं तेव्हा अ‍ॅपवर शंभर टक्के. अकराला मशीन लावून झोपलो. पहाटे पाचच्या सुमारास बायकोने हलवून उठवलं. मशीन बंद, फ्रीज बंद आणि मी मास्कसकट तंबूभर घोरत होतो. अ‍ॅप उघडलं. जोडलं जाईना. शेवटचा आकडा तेवढा पडद्यावर अडकून राहिला होता : 62 टक्के.

त्या 62 मध्ये सगळं उत्तर होतं, पण ते कळायला मला आठवडा लागला.

सोमवारी फोन केला. “काका, लिथियमला पहिल्या दहा सायकल लागतात, मग ती उघडते.” दुसऱ्यांदा केला, तर फ्रीज जास्त खात असणार. तिसऱ्यांदा, “गरमीने बीएमएस ट्रिप झाला असेल, काका.” (बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतलं राखणदार सर्किट.) यातलं ‘दहा सायकल’ साफ खोटं आहे. लिथियम फॉस्फेट पहिल्या दिवशी जेवढी देते त्याच्या दुप्पट नंतर कधीच देत नाही. पण बाकीची दोन कारणं खरीही असू शकतात, म्हणून तर माणूस गप्प बसतो.

आमच्या भागात एक जुने वायरमन आहेत, सत्तरीला आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तरुणपणी दिंडीच्या ट्रकवर स्पीकर आणि दिव्यांसाठी दुसरी बॅटरी जोडून द्यायचे. अ‍ॅप वगैरे दाखवलं तर त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, “अहो, टाकीत किती पाणी आहे ते टाकीवर लिहिलेलं वाचून कळतं का? नळ सोडा आणि बादल्या मोजा.” मग त्यांनी हेडलाइटचा जुना एच-फोर बल्ब काढला, त्याची 55 वॅटची फिलामेंट बॅटरीला जोडली आणि क्लॅम्प मीटर अडकवला. 4.6 अँपिअर. बल्ब भयंकर तापतो, तो विटेवर ठेवला. बॅटरी आधी काठोकाठ भरून घेतली होती. बल्ब पेटवल्याची वेळ खडूने भिंतीवर लिहिली, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

दिवसभर व्होल्टेज पाहत बसलो. सकाळी दहाला 13.2, दुपारी एकला 13.1. मला तर वाटलं बॅटरी चांगली आहे. ही या रसायनाची गंमत लक्षात ठेवा : शिशाच्या बॅटरीत 12.6 म्हणजे भरलेली आणि 12.1 म्हणजे पाव उरली, असा अंदाज मीटरवरून बांधता येतो. लिथियम फॉस्फेट मात्र शेवटपर्यंत सपाट चालते आणि मग एकदम कड्यावरून खाली जाते. दुकानदार मीटर लावून “बघा 13.2” म्हणतो त्याला काडीची किंमत नाही. दुपारी तीन पंचवीसला बल्ब विझला. सव्वाआठ तास गुणिले 4.6, म्हणजे 38 एएच.

आता ते 62 आठवा. अ‍ॅपमध्ये क्षमतेचा आकडा विकणाराच भरतो. बीएमएस त्यातून फक्त बाहेर गेलेला करंट वजा करत जातो. शंभरातून 38 गेले, 62 उरले असं तो प्रामाणिकपणे सांगत होता. खोटं बोलत होता तो शंभर भरणारा.

डबा उघडायच्या आधी अण्णांनी माझ्याकडून व्हिडिओ सुरू करून घेतला. स्टिकर, नंबर, सील, सगळं दाखवत एका दमात उघडला. हे फार कामाला आलं. आत पेन्सिल सेलच्या मोठ्या भावासारखे दंडगोल सेल, 32700 आकाराचे, एकेक सहा एएचचा. सात-सातचे चार गट, एकूण 28. म्हणजे नवे असते तरी बेचाळीस एएच. शंभर करायचे तर 68 लागले असते. वरचं निळं वेष्टन कोरं करकरीत, पण टोकांवर जुन्या पट्ट्या उपटल्याचे वेल्डिंगचे डाग. कुठल्या तरी भंगारातल्या गाडीतून आलेले सेल.

आणि तळाशी, फोममध्ये नीट गुंडाळलेले, शहाबादी फरशीचे दोन तुकडे. मशीनने कापलेले, कडा घासलेल्या, डब्याच्या मापाचे. दोन्ही मिळून जवळजवळ पाच किलो. मी वजन करून पाहणार हे त्याला माझ्या आधी माहीत होतं. अण्णा बराच वेळ ती फरशी हातात घेऊन पाहत होते. म्हणाले, “काम मात्र सफाईने केलंय हो.”

चार्जरची कथा थोडक्यात. इंजिनच्या अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रातून, लिथियम भरायला मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो येणारं व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढं करून देतो आणि करंटला लगाम घालतो. माझ्या 22,000 च्या पेटीत पंखा, तीन एलईडी, भलामोठा हीटसिंक आणि एक साधा रिले होता. इंजिन चालू होऊन 13.3 व्होल्ट झाले की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, 12.8 ला तोडायच्या, एवढंच त्याचं काम. असा रिले दीड-दोन हजारांत मिळतो आणि दोन्ही बॅटऱ्या शिशाच्या असतील, अल्टरनेटर जुन्या पद्धतीचा असेल, तर तो पुरेसाही आहे. पण मग तसं सांगून विका. ओळखायला पेटी उघडावी लागत नाही. इंजिन चालू ठेवून येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांवर मीटर धरा, मग हेडलाइट आणि एसी लावा. आत 14.1 चे 13.7 झाले आणि बाहेरही तंतोतंत 13.7 च झाले, तर मधे चार्जर नाही, नुसता दरवाजा आहे. खरा चार्जर, बॅटरी भरत आलेली असली की, आत कमी आलं तरी बाहेर आपलं ठरलेलं व्होल्टेज धरून ठेवतो.

इथपर्यंत माझे पैसे गेले होते. वायरिंग पाहिल्यावर राग आला, कारण मागच्या सीटवर माझा पुतण्या बसतो.

पंचवीस स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची केबल असं कागदावर लिहिलं होतं. बोटाएवढी जाड, लाल, पारदर्शक आवरणातून तांबूस दिसणारी. अण्णांनी एक तार चाकूने खरवडली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. गाडीत स्पीकर बसवणाऱ्यांच्या स्वस्त किटमध्ये हीच असते. कलई केलेली उत्तम तांब्याची वायरही वरून पांढरी दिसते, त्यामुळे रंगावर जाऊ नका, खरवडून आत काय ते पाहा. किंवा वजन करा. तांब्याची पंचवीस स्क्वेअरची तार, आवरण सोडून, मीटरला सव्वादोनशे ग्रॅम भरते. माझी पाच मीटरची आख्खी केबल आवरणासकट पाऊण किलो होती, म्हणजे आत पंचवीस स्क्वेअर तांबं नव्हतंच. अशी वायर वाकड्या-तिकड्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी लगमध्ये, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या कडीत, सैल होते आणि सैल जोड तापतो. इंजिनकडचा लग काळा पडायला सुरुवात झाली होती.

ही केबल इंजिनच्या भागातून आत येते तिथे पत्र्याला भोक पाडलेलं होतं आणि त्याला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी, नव्हतं. पत्र्याच्या धारेने निम्मं आवरण कापलं होतं. “फ्यूज आहे ना?” असं मी बसवताना विचारलं होतं आणि त्याने अभिमानाने दाखवलाही होता, मागच्या बॅटरीपाशी. पण पुढची बॅटरीसुद्धा त्याच केबलला जोडलेली आहे. आवरण पूर्ण कापलं असतं तर पुढच्या बॅटरीचे शेकडो अँपिअर थेट बॉडीत उतरले असते आणि मागचा फ्यूज त्या वाटेत येतच नाही. दोन बॅटऱ्या असतील तर दोन फ्यूज, दोन्हीकडे, बॅटरीपासून वीतभर अंतरात. दुसऱ्या बॅटरीचं काम बघायला गेलात तर बाकी काही नाही कळलं तरी बॉनेट उघडून एवढं पाहा.

दुकानात गेलो तेव्हा काका संपले होते. “सर, सील तोडलंय, वॉरंटी गेली. फरशी तुम्हीच टाकली नाही कशावरून?” व्हिडिओ दाखवला तर म्हणाला, “मलाही मागून असाच माल आला.” असेलही. पण मागून आलेल्या मालाने पत्र्याला भोक पाडलं नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याने वीस हजार आणि ‘विषय मिटवा’ असा निरोप पाठवला. मी घेतले नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीची फी नाही. पक्कं बिल नसल्याने वकीलबाईंनी कपाळावर आठ्या घातल्या, पण युपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘100 एएच लिथियम, 1 नग’ हे त्याचं कोटेशन आणि अण्णांचा व्हिडिओ यांवर तक्रार उभी राहिली. फरशी, सेल, वायरचे तुकडे गोणीत बांधून माळ्यावर आहेत. अण्णांनी एकही वस्तू फेकू दिली नाही.

नवी बॅटरी पक्क्या बिलाने घेतली. परत करायची मुदत सात दिवसांची होती, म्हणून आणल्या दिवशीच भरून तोच बल्ब, तीच वीट. संध्याकाळी सहाला पेटवला. रात्री दोनदा उठून पाहिलं, दुसऱ्यांदा उठलो तर बायको आधीच तिथे उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वीसला विझला. एकवीस तास वीस मिनिटं. अण्णांनी भिंतीवरच गुणाकार केला, 98, आणि खडू खिशात टाकला.