नावेला ‘ऑस्मॉसिस’ झालाय म्हणून घातलेला गंडा

खान्देशात शिडाची नाव घरी बाळगणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ट्रॅक्टर बिघडला तर गल्लीत चार मिस्त्री सापडतात, नाव बिघडली तर दाखवायची कुणाला? नेमक्या याच अडचणीवर एक माणूस पोट भरतोय. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहितो. ती मुंबई-पुण्याकडेही चालेल अशी आहे.

माझी नाव म्हणजे जुनी एंटरप्राइज. जॅक हॉल्ट या इंग्रजाने १९५६ साली आखलेली, सव्वातेरा फूट लांबीची, निळ्या शिडांची, दोघांनी चालवायची. माझी फायबरची आहे, पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून ट्रेलरसकट घेतलेली. पावसाळा सरला, हतनूर धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी निवळलं की चांगदेवच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमाकडे फुगवट्यात ती काढायची. होळीनंतर डोलकाठी उतरवून भुसावळला घरामागच्या मोकळ्या जागेत ठेवायची. आमच्याकडचा मे महिना वेगळा सांगायला नको. पारा पंचेचाळिसावर गेला की ताडपत्रीखाली हात घालवत नाही.

तक्रारी दोन होत्या. एक, तासभर चालवली की तळाशी तांब्याभर पाणी साठायचं. दुसरी, उन्हाळाभर निळ्या प्लास्टिकखाली राहिल्यावर एका बाजूला मसुरीएवढे फोड आले होते. कुणाच्या तरी ओळखीने हा माणूस आला. टी-शर्टवर नांगराचं चित्र, कार्डावर ‘मरीन सर्व्हेअर’ (म्हणजे नावा तपासणारा), हातात काळी पेटी. बोलणं एकदम गोड. काकूंच्या हातचा चहा घेतला, नावेला प्रदक्षिणा घातली आणि पेटीतून दोन सुया असलेलं मीटर काढलं. मीटर लावण्याआधी खिशातलं फडकं काढून तो प्रत्येक जागा पुसायचा, ‘धूळ असली की रीडिंग चुकतं’ म्हणायचा. फडकं ओलं होतं. मीटर टीं टीं करायला लागलं.

‘‘काका, तुमच्या नावेला ऑस्मॉसिस झालाय. हा फायबरचा कॅन्सर असतो. आत्ता नाही काढला तर दोन वर्षांत तळ गळून पडेल.’’

आता ऑस्मॉसिस हा प्रकार खोटा नाही, आणि म्हणूनच हा डाव खपतो. फायबरच्या नावेवर बाहेरून गेलकोटचा थर असतो. नाव महिनोन् महिने पाण्यातच उभी राहिली तर पाणी त्या थरातून हळूहळू आत झिरपतं, काचतंतूंना बांधून धरणाऱ्या, पण अर्धवट पिकलेल्या (म्हणजे पूर्ण घट्ट न झालेल्या) रेझिनमधली रसायनं त्यात विरघळतात, आणि तो आंबट द्राव आणखी पाणी ओढून घेत थराला आतून फुगवतो. असा फोड सुईने फोडला तर चिकट पाणी निघतं, त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. (फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, आतला दाब मोठा असतो.) पण जी नाव सकाळी पाण्यात जाते आणि संध्याकाळी ट्रेलरवर परत चढते, तिला हा रोग जडणं फार अवघड. माझ्या नावेचे फोड आतून कोरडे ठणठणीत होते. जुन्या मालकाने वरून मारलेला रंग उन्हात, कोंडलेल्या दमट हवेत सुटला होता, बस्स. दोन सुयांचं मीटरही मुळात लाकडासाठीचं. ते वीज किती सहज वाहते ते मोजतं. ओल्या फडक्याने पुसलेल्या काचेवर लावलं तरी ते ओरडेल.

अंदाजपत्रक ७२,००० रुपयांचं निघालं. सगळा गेलकोट घासून काढणं, इपॉक्सी या पक्क्या रेझिनचे थर, दगडावर आपटून तळाला पडलेली एक जुनी चीर भरणं, मरीन प्लायचं (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचं) नवं सुकाणू, ट्रेलरच्या दोन्ही चाकांचे नवे बेअरिंग. चाळीस हजार आगाऊ. पैसे यूपीआयने घेतले तेव्हा पडद्यावर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे वहिनींचं खातं आहे, बिल मात्र फर्मचं मिळेल. धुळ्याकडे जाणाऱ्या हायवेवरच्या एका शेडमध्ये नाव गेली. अधूनमधून मोबाइलवर फोटो यायचे: तळ घासलेला, थर चढतोय, वगैरे.

नाव परत आली ती नव्या नवरीसारखी. आरशासारखा रंग, पितळी स्क्रू चकचकीत, ट्रेलरलासुद्धा चंदेरी पट्टा. उरलेले पैसे त्याने हातोहात मोजून घेतले. मग नाव पाण्यात घातली, आणि तासाभराने तळाशी तेच तांब्याभर पाणी.

एवढ्यावर कदाचित दुरुस्ती कमी पडली असं म्हणता आलं असतं. पण नाव उचलताना पोरं कुरकुरायला लागली. आधी चौघं सहज उचलायचे, आता सहा जण लागत होते. गेलकोट काढून पातळ थर चढवला तर वजन एवढं वाढत नाही. मी एक जुना रुपया घेऊन तळ ठोकत गेलो. चांगलं फायबर टणटण वाजतं. चिरेच्या जागी बद्द आवाज आला, तोही वीतभर लांबीत.

पारोळ्याकडचे एक ट्रॅक्टर मिस्त्री माझ्या ओळखीचे, फायबरचे बोनेटही दुरुस्त करतात. त्यांना बोलावलं. त्यांनी ग्राइंडर लावला आणि रंगाचा पापुद्रा उडताच गुलाबी पुट्टी बाहेर आली. मोटारीच्या पत्र्याचा पोचा भरायला लावतात ती. चिरेत बोटभर पुट्टी ठासली होती, आणि आत काचतंतूंचं विणलेलं कापड असायला हवं, ते नावालाही नव्हतं. खालच्या बाजूला मात्र काचतंतूंच्या मॅटचा एक तुकडा चिकटवला होता, त्यात हवेचे बुडबुडे, आणि घासताना जो वास आला तो घरात सगळ्यांनी ओळखला. मिस्त्री हसले, ‘‘भाऊ, हाई ते कूलरनी टाकीनं काम शे.’’

वास हा इथे मोठा पुरावा आहे. आपल्याकडे कूलरच्या टाक्या, दारं, मूर्ती ज्यात बनतात ते पॉलिस्टर रेझिन. त्यात स्टायरीन असतं, त्याचा उग्र दर्प घासताना परत उठतो. इपॉक्सीला तो दर्प नसतो. इपॉक्सी पॉलिस्टरपेक्षा बरंच महाग, शिवाय जुन्या, पूर्ण पिकलेल्या फायबरला पॉलिस्टर नीट धरत नाही. म्हणूनच जाणकार दुरुस्तीला इपॉक्सी वापरतात. चिरेच्या दोन्ही बाजू जाडीच्या बारापट लांब उतरत्या घासायच्या, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर, आणि मग एकेक थर वाढत्या मापाचं कापड बसवायचं. हे काम मे महिन्याच्या भुसावळी दुपारी होत नाही. पॉलिस्टर असो की इपॉक्सी, डब्यात जास्त घोळलं की तिथेच तापून धूर काढतं आणि घट्ट होतं. पहाटे, थोडं थोडं मिसळूनच करावं लागतं.

मग सुकाणू. बिलावर ‘मरीन प्लाय’ लिहिलेलं. मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक आयएस ७१०, साध्या प्लायचा आयएस ३०३. तो शिक्का अख्ख्या पाटीवर असतो, कापून रंगवल्यावर कुठला दिसायला! मी सुकाणूचा एक कोपरा करवतीने काढला आणि जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. आयएस ७१० च्या प्लायने ७२ तास उकळूनही थर सोडता कामा नयेत. या महाशयांनी पहिला गॅस बदलायच्या आत, संध्याकाळच्या चहापर्यंत सगळे थर मोकळे केले. मधल्या थरात तर लाकूड कमी आणि भोकं जास्त. पातेलं अजून घासून निघालेलं नाही, त्यावरून घरात आजही बोलणी खातो.

ट्रेलरच्या चाकांचं टोपण उघडलं तर वर स्वच्छ पिवळं ग्रीस, आणि बोटभर आत जुनंच, गंजाचं पाणी मिसळून तांबूस झालेलं. बेअरिंग तीच, रोलरना खड्डे पडलेले. नावेच्या ट्रेलरचं बेअरिंग मोटारीपेक्षा लवकर जातं, कारण भुसावळहून धावत आलेलं गरम हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसतं तो भाग) तुम्ही थेट थंड पाण्यात बुडवता, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबावं, मग ट्रेलर पाण्यात घालावा. आणि नवं बेअरिंग घातलं म्हणणाऱ्याकडून जुनं परत मागावं. नव्यावर कोरलेला नंबर बिलात लिहून घ्यावा.

या सगळ्यात मला सर्वात जास्त राग कशाचा आला असेल, तर त्या माणसाला काम येत होतं याचा. जे डोळ्यांना दिसतं ते सगळं त्याने अव्वल केलं होतं. रंगाचं काम तर शहरातल्या शोरूमला लाजवेल असं. जे झाकलं जाणार होतं तेवढंच खोटं. अडाण्याच्या हातून चूक होते ती कुठेही होते. इथे खोटं काम बरोबर रंगाच्या आणि ग्रीसच्या खालीच होतं. पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले तेव्हा आणखी एक गंमत कळली: माझ्या नावेच्या मागच्या फळीला पाणी निघायची दोन भोकं आहेत, फोटोतल्या नावेला एकही नाही. दुसऱ्याच कुणाची नाव दाखवत होता.

आणि गळतीचं म्हणाल, तर मिस्त्रींनी नाव ट्रेलरवर असतानाच बादलीने आत पाणी ओतलं आणि खाली बसून पाहिलं. मधलं पातं, म्हणजे सेंटरबोर्ड, ज्या बोल्टवर फिरतं त्या बोल्टातून थेंब पडत होते. रबरी वायसर वाळून चिरलं होतं. नवं वायसर बसवलं, पाणी थांबलं. नाव दुरुस्तीला देण्याआधी ही बादलीची परीक्षा सगळ्यांनी करावी, फुकट आहे. फक्त तळाला नीट आधार असू द्या, पाण्याचं वजन फार होतं.

तक्रारीचं थोडक्यात. पोलीस ठाण्यात अर्जाची पोच मिळाली, पण हा दिवाणी मामला आहे असं तोंडी सांगण्यात आलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मालाचा दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून सुकाणूचा उरलेला भाग आणि घासलेल्या पुट्टीचे तुकडे टाकलेले नाहीत. पहिली नोटीस मात्र ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आली. बिलावरचा पत्ता नवी मुंबईचा, पण जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २४. ते गुजरातचे, महाराष्ट्राचे २७. सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर कापडाच्या धंद्याची नोंद निघाली. दोन मिनिटांचं काम आहे हे, आगाऊ रक्कम देण्याआधी करण्यासारखं. शेवटी शेडच्या मालकाकडच्या भाडेकरारावरून पत्ता मिळाला, तेव्हा कुठे नोटीस पोचली. म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. अजून त्याच्याकडून काही आलेलं नाही.

नाव आता नीट आहे. मिस्त्रींशी ठरलं तेव्हा एकच अट घातली: रंगाआधी उघडा तळ मी पाहणार, हबचं टोपण माझ्यासमोर बंद होणार. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. निळं प्लास्टिक काढून टाकलं. रावेरकडच्या एका केळीवाल्याने जुनं शेडनेट दिलं, ते बांबूंवर तळहातभर उंच ताणलंय, म्हणजे सावली पडते आणि वारंही खेळतं. तळाचं बूच काढून ठेवतो, नाकाकडची बाजू थोडी उंच, आलेलं पाणी मागून निघून जातं. ट्रेलरचा दोन चाकांमधला दांडा ठोकळ्यांवर टेकवून चाकांवरचा भार काढलाय. शिडं मात्र बाहेर ठेवत नाही, वाळवून, गुंडाळून घरात पलंगाखाली. उंदरांना निळं कापड फार आवडतं.

याच माणसाकडून कुणी काम करून घेतलं असेल तर बिल, यूपीआयची पावती आणि आलेले फोटो फेकू नका. फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. आणि त्या फोटोंमध्ये मागच्या फळीला दोन भोकं असलेली नाव दिसली, तर ती माझी आहे.