टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? साताऱ्याच्या मुरमात दोन्ही चालवल्यावरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यापासून दोन्ही गाड्या आलटून पालटून मातीत चालवतोय. एक यामाहाची जुनी टू-स्ट्रोक आरएक्स 100, बटण टायर टाकून ट्रेलसाठी तयार केलेली, आणि दुसरी हिरोची फोर-स्ट्रोक एक्सपल्स 200 फोर व्ही. 98 सीसी आणि 200 सीसीची ताकद समोरासमोर ठेवण्यात अर्थ नाही हे मान्य, पण इंजिनाचा स्वभाव मात्र बरोबर कळतो.

टू-स्ट्रोकला क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा, हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याचा खरा अर्थ पावसाळ्यात मेढ्याकडच्या चिखलात समजतो. आरएक्स खाली दम धरत नाही, रेसवर आली की एकदम सुटते आणि मागचं चाक जागेवरच गरगर फिरायला लागतं, मग हाफ क्लचवर खेळत बसायचं. एक्सपल्स तिथंच पहिल्या-दुसऱ्या गियरला कमी रेसमध्ये आरामात चढते. पण ती पडली की दीडशे किलोच्या वरचं वजन चिखलातून उचलायचं असतं आणि दोनदा उचलली की दम निघतो, आरएक्स शंभरच्या आसपास, एकटा माणूस उभी करतो.

उतार हा विषय लोक बोलतच नाहीत. यवतेश्वरवरून खाली येताना फोर-स्ट्रोक गियरमध्ये सोडली की इंजिनच गाडी धरतं, ब्रेकला फार हात लावावा लागत नाही. टू-स्ट्रोकला हा आधार फारच कमी, आणि त्यात माझ्या गाडीचा ऑइल पंप आधीच्या मालकानं काढलेला, म्हणजे तेल पेट्रोलमधूनच जातं. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी गियरमध्ये पळवली तर पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे तेलपण बंद, आणि पिस्टन मात्र जोरात पळतोय. इंजिन जाम होतं ते असं. म्हणून मी मधे मधे क्लच दाबून थोडी रेस देत उतरतो, सवय लागली की आपोआप होतं.

तेलाचं माप अंदाजानं घेऊ नका. 40 ला 1 (40 भाग पेट्रोल, 1 भाग तेल) चालवत असाल तर लिटरला 25 मिली. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणलीये, सुई काढून डब्यात मोजून सोडतो, डबा हलवतो, मगच टाकीत. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे मिक्स केलेलं पेट्रोल आठवडेच्या आठवडे ठेवायचं नाही, लागेल तेवढंच करायचं. शिवाय ई20 वर जुना कार्बोरेटर लीन चालतो, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणून मेकॅनिककडून मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकून घेतला आणि प्लग पुन्हा कॉफीच्या रंगावर आला, म्हणजे मिश्रण बरोबर बसलं.

ओढ्यात पाणी गेलं तर टू-स्ट्रोक सोपी, प्लग काढा, किका मारून पाणी बाहेर काढा, बऱ्याचदा तिथंच सुरू होते. फोर-स्ट्रोकमध्ये पाणी आत गेलं की ऑइल दुधाळ होतं, ते बदलल्याशिवाय गाडी चालवायची नाही.

आता शर्यतीच्या खऱ्या डर्ट बाइकचं. कावासाकी केएक्स 250 सारखी फोर-स्ट्रोक घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, तिचा मेंटेनन्स किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) सारखा बघावा लागतो आणि वरचं इंजिन खोललं की खर्च मोठा. टू-स्ट्रोकला असे व्हॉल्व्हच नाहीत, पिस्टन आणि रिंग बदलणं घरच्या शेडमध्ये होऊ शकतं. आणि अशा गाडीचं पासिंग होत नाही, रानापर्यंत पिकअपमधून न्यावी लागते, ते भाडं धरा.

माझं मत स्पष्ट आहे: रोज रोडनं जाऊन रविवारी मातीत उतरायचं असेल तर फोर-स्ट्रोकच घ्या. स्वतःचं किंवा मित्राचं पडीक रान आहे आणि हाताला ग्रीस लागायला हरकत नाही, तर टू-स्ट्रोक, क्लच आणि थ्रॉटलचा हात तिच्यावर लय भारी तयार होतो. फक्त दोन्हीपैकी कुठलीही गाडी कासच्या सड्यावर (पठारावर) घालू नका, ते 2012 पासून जागतिक वारशात आहे आणि एका चाकोरीनं तिथली माती वर्षानुवर्षं भरून येत नाही.

जुनी आरएक्स बघायला जाणार असाल तर रंगावर जाऊ नका, थंड इंजिनावर किक हातानं दाबून कॉम्प्रेशन बघा आणि सिलेंडरला कितवा बोर मारलाय (झिजल्यावर कितव्यांदा आतून मोठा केलाय) ते विचारा. शेवटचा ओव्हरसाइज पिस्टन बसला असेल तर पुढच्या कामाला नवीन स्लीव्ह (सिलेंडरची आतली नळी) लागेल, तेवढे पैसे भावातून कमी करूनच बोला.