मर्ज कॉन्फ्लिक्टसाठी विमचं फ्युजिटिव्ह की इमॅक्सचा स्मर्ज?

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये एकाच जागी दोन वेगळे बदल झाले, की मर्ज कॉन्फ्लिक्ट होतो आणि कुठला बदल ठेवायचा ते आपल्याला ठरवावं लागतं. असे कॉन्फ्लिक्ट एडिटरमध्येच सोडवायचे हे ठरलेलं असेल, तर विम एडिटरचं फ्युजिटिव्ह हे प्लगइन आणि इमॅक्स एडिटरमधला स्मर्ज मोड या दोघांवर येऊन गाडी अडते. दोन्हींवर मी काही वर्षं काढली आहेत.

फ्युजिटिव्ह तीन खिडक्या उघडतं आणि मधली आपली कामाची. तिथे 'डी२ओ' दाबलं की डावीकडचा तुकडा आत येतो, 'डी३ओ' दाबलं की उजवीकडचा. लांबलचक फंक्शन दोन्हीकडे बदललेलं असेल तेव्हा ही मांडणी खरंच सुखाची वाटते.

मला त्रास झाला तो ']सी'चा. तो पुढच्या फरकावर नेतो, पुढच्या कॉन्फ्लिक्टवर नाही. गिटने आपणहून नीट जुळवलेल्या जागाही त्याच्या लेखी फरकच. एकदा रिबेस करताना, म्हणजे आपले कमिट (बदलांच्या नोंदी) दुसऱ्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या शाखेवर) पुन्हा बसवताना, सेटिंगच्या एका भल्यामोठ्या फाइलीत कॉन्फ्लिक्ट होते तीन आणि मी थांबलो तीसेक ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी आधी हेच बघायचं, की इथे मला काही ठरवायचंय का. तिसरा कॉन्फ्लिक्ट त्या गर्दीत नजरेतून सुटला आणि सात-सात '<' आणि '>' या गिटने कॉन्फ्लिक्टपाशी घातलेल्या खुणांसकट कमिट झाला. त्या दिवसापासून मन उडालं.

स्मर्ज एकाच फाइलीत राहतो आणि फक्त कॉन्फ्लिक्टवरच थांबतो. 'एन'ने पुढे, 'पी'ने मागे. 'यू' म्हणजे वरची बाजू ठेवा, 'एल' म्हणजे खालची. हे वर-खाली मला फार मोलाचं वाटतं. रिबेसमध्ये 'आपली' बाजू म्हणजे ज्या ब्रँचवर कमिट बसवतोय ती, आणि आपलं स्वतःचं काम 'त्यांचं' ठरतं. तिथे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. वर-खाली मात्र डोळ्यांसमोर असतं. प्रत्येक वेळी आधी कंट्रोल-सी आणि ^ दाबावं लागतं, हे बोटांना जड जातं. मी ते बदलून कंट्रोल-सी व्ही केलं. तीन खिडक्या हव्याच असतील तर कॅपिटल 'ई' दाबून ईडिफ हे इमॅक्सचं तुलना करायचं साधन उघडतो.

तुमचा हात विमवर बसला असेल तर केवळ एवढ्यासाठी एडिटर बदला असं मी म्हणणार नाही. अनइम्पेअर्ड प्लगइनचं ']एन' थेट कॉन्फ्लिक्टच्या खुणांवर नेतं, तेवढं आधी करून बघा. आणि एडिटर कुठलाही असो, गिट २.३५ किंवा पुढचं असेल तर कॉन्फ्लिक्ट स्टाइल (फाइलीत कॉन्फ्लिक्ट कसा दाखवायचा याची गिटची सेटिंग) 'झेडडिफ३' ठेवा. दोन्ही बाजूंच्या मधे मूळ मजकूर दिसतो आणि कोणी काय बदललं ते तिथल्या तिथे कळतं.